कळशी आणि गोधडी

आमच्या वाडीत कुणाला नाव घेऊन हाक मारत नसत. घाटमाथ्यावर पाच-सहा घरं, सगळी एकमेकांच्या नात्यातली. थोरली काकी, वरची आत्या, आंधळा आजा, मधला दाजी, अशीच माणसं ओळखली जायची. बारशाला नाव ठेवलेलं असायचं, पण ते नंतर फारसं कुणाच्या तोंडी येत नसे. मी सगळ्यांची अक्का होते. माझी धाकटी बहीण सगळ्यांची बाय होती. तिचं खरं नाव एका मोठ्या नदीचं, चांगलं चार अक्षरी. ते आईने तिला शाळेत घालायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. बाय ते दिवसभर घोकत होती, आणि मध्येच विसरून पुन्हा आईला विचारत होती.

ही पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. पौडावरून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या बाला, म्हणजे वडिलांना, काम लागलं होतं. रस्त्याचा एक तुकडा त्याच्याकडे होता. पावसाने पडलेले खड्डे मुरूम टाकून बुजवायचे, कडेची झुडपं तोडायची, गटारं मोकळी करायची. रोज वाडीवरून उतरून येणं जमेना, म्हणून दिवाळीनंतर आम्ही खाली आलो. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक गाव होतं, त्याच्या कडेला एक कुडाची खोली मिळाली. गावातल्या बायका आईला 'डोंगरातली' म्हणायच्या. वाईट बोलायच्या नाहीत, पण पाणवठ्यावर त्यांच्या गप्पा चालायच्या आणि आई हंडा भरून निघून यायची.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. एकच गुरुजी, चार इयत्ता आणि पहिलीच्या आधीची बिगरी. मला नवव्या वर्षी पहिलीत बसवलं, बायला बिगरीत. बिगरीची पोरं भिंतीकडेला, आम्ही त्यांच्या पुढे. गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा त्यांचा आवाज देवळात घुमायचा. गावातली पोरं आमच्यापेक्षा भरभर बोलायची, शब्दाचं शेपूट गिळून टाकायची. मलाही पहिले काही दिवस निम्मं कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आईने चुलीपुढे बसून विचारलं, "शेजारी कोन बसलं हुतं गं?"

"कळशी," बाय म्हणाली.

"कळशी? पान्याची?"

"न्हाई. पोरगी हाय. तिला दोन वेन्या हायेत."

"आन दुसऱ्या अंगाला?"

"गवत."

आई हसली. खाली आल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. "असं नाव असतंय व्हय?"

"असतंय," बाय म्हणाली. तिला त्यात काहीच चुकीचं वाटत नव्हतं. तिला आजवर ठाऊक असलेले शब्द सगळे वस्तूंचे नाहीतर नात्यांचे. माणसाला नुसतंच एक नाव असतं, त्या नावाची घरात कुठली वस्तू नसते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या मुलीचं नाव लोक दारापुढच्या वृंदावनात लावतात त्या रोपाचं होतं. त्यातून बायला कळशी ऐकू आलं. मुलाचं नाव गणपतीवरून ठेवलेलं, पण त्याची आजी ते मधूनच गिळून हाक मारायची, म्हणून त्याचं गवत झालं. पांडवांच्या राणीचं नाव असलेली एक मुलगी होती, तिचं दुपार झालं. मी बायला दोन-तीनदा सुधारून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पन तो 'ओ' देतो की." ते खरं होतं. गवत म्हणून हाक मारली की तो मुलगा मागे वळून बघायचा.

मग एके दिवशी ती घरी रुसून आली. दप्तराची पिशवी दारातच टाकली.

"ती मला गोधडी म्हनती."

"कोन?"

"कळशी. मी माजं नाव सांगितलं, तर म्हनली गोधडी. मी म्हनलं न्हाई. परत सांगितलं. परत म्हनली गोधडी."

आईने तिला जवळ ओढलं. "म्हनू दे की. गोधडी ऊबदार असती. सगळ्यांस्नी लागती."

बायने त्यावर थोडा विचार केला. दुसऱ्या दिवसापासून तिची तक्रार संपली. मी पुढच्या रांगेतून मागे बघायचे तर दोघी एका पाटीवर डोकं घालून बसलेल्या असायच्या. पाटी कळशीची. आमच्या पाटीचा कोपरा फुटला होता आणि बायला त्याची लाज वाटायची. पाटी पुसायला थुंकी दोघींची. एकीने चोखलेली पेन्सिल दुसरीच्या तोंडात. कळशी फार कमी बोलायची. सावळी, मोठ्या डोळ्यांची, नाकाखाली कायम ओलं. बाय बोलायची आणि ती ऐकायची. मध्येच तिच्या तोंडून "गोधडे" असं यायचं, आणि दोघी कशाला तरी हसायच्या.

संध्याकाळी आई भाकरी थापताना सगळं विचारून घ्यायची. कळशीनं आज काय आणलं होतं, गवत रडला का, दुपारला गुरुजींनी उभं का केलं. गावातल्या एकाही बाईशी तिचं धड बोलणं होत नव्हतं, पण ही पोरं तिच्या ओळखीची झाली होती. कधी जास्तीची भाकरी करून ती बायच्या फडक्यात बांधायची. "कळशीला दे अर्धी." कधी कळशी बोरं पाठवायची, आणि आई त्यातलं एक खाऊन बाकीची बायसाठी ठेवायची. बोरं गोड असोत नाहीतर आंबट, "गोड हायेत म्हनावं," असाच निरोप जायचा.

शिमगा झाला आणि गावात गोवर आला.

आधी दुपारच्या घरी. मग दोन-चार घरांच्या दारांना एकदम कडुनिंबाचे डहाळे लागले. गुरुजींनी शाळा बंद केली. तोवर उशीर झाला होता. बायचे डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, मग ताप चढला. मला गोवर वाडीवरच येऊन गेला होता, म्हणून मला बाहेर काढलं नाही. आईने दाराला डहाळा लावला, खिडकीला पोतं लावून अंधार केला, आणि बायला घरात होतं ते सगळं पांघरूण घातलं. तेव्हा सगळेच तसं करायचे. गोवर आत राहिला तर जीव घेतो, अंग गरम राहिलं की बाहेर फुटतो, असं मानत. औषध द्यायचं नाही, देवीचा कोप होतो. आम्ही आंघोळी केल्या नाहीत, फोडणी घातली नाही.

गोवर बाहेर आला. तोंडभर, अंगभर. आईला हायसं वाटलं. बाय तापात बडबडायची. शाळेतलंच सगळं. "कळशे, पाटी दे," म्हणायची. "कळशी आली का?" असं विचारायची. आई म्हणायची, "येनार हाय. तू बरी हो, मंग येनार हाय." आम्हाला वाटत होतं, कळशी तिच्या घरी खेळत असेल.

पुरळ काळी पडून उतरायला लागली तेव्हा ताप जायला हवा होता. तो गेला नाही. बायचा श्वास भरभर चालायला लागला. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. बाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बैलगाडी मागायला गेला. पौडाला दवाखाना होता. सकाळी उन्हं वर आल्यावर ते निघाले. बा गाडीवानाजवळ, आई मागे बायला मांडीवर घेऊन. मला म्हणाली, "घरला ऱ्हा. कोंबड्या आत घ्ये." मी रस्त्यापर्यंत गेले. बायने माझ्याकडे बघितलं का, ते मला आता नक्की आठवत नाही.

ते लवकर परत आले. मी गाडी लांबून पाहिली. बा गाडीच्या पुढे चालत होता, बैलांच्याही पुढे, आणि गाडीवान त्याला गाठायचा प्रयत्न करत नव्हता. आई मागे तशीच बसलेली होती, मांडीही मोडली नव्हती. पौडाच्या अलीकडेच बायचा श्वास थांबला होता. दवाखान्यापर्यंत गाडी गेलीच नाही.

आमच्यात लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. खड्डा बाने स्वतः खणला. गावचे दोघे-तिघे आले होते, त्यांनी कुदळ मागितली, त्याने दिली नाही. रोज रस्त्याला वापरायचा तीच कुदळ, तेच फावडं. वर त्याने रस्त्याच्या कडेचे फोडलेले दगड रचले आणि बाभळीचे काटे टाकले, कोल्ह्यांसाठी. खड्ड्यात घालायला घरातलं मीठ आईने सगळं त्याच्याबरोबर पाठवलं होतं. गवतची आजी आमच्यासाठी भाकरी आणि पिठलं दाराबाहेरच्या दगडावर ठेवून गेली. ती आत आली नाही. गोवराच्या घरात कोण येणार.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. कामं करायची. पाणी आणायची, दळायची, बाला भाकरी द्यायची. विचारलं तर हो-नाही म्हणायची. संध्याकाळी चुलीपुढे बसली की तिला काहीच विचारायचं नसायचं. मी मुद्दाम काहीतरी सांगायला जायचे, पण मी शाळेत जात नव्हते, माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

एक दिवस सकाळी तिने केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "चल. कळशीला बघून येऊ."

शाळा पुन्हा सुरू झाली होती. आम्ही देवळापाशी गेलो तेव्हा पोरं पाढे म्हणत होती. आम्हाला बघून गुरुजींनी हातानेच त्यांना थांबवलं आणि पायरीपर्यंत आले. चांगला माणूस होता. त्यांनी आईला नमस्कार केला, वाईट झालं म्हणाले.

"गुर्जी, मला कळशीला बघायचंय," आई म्हणाली.

"कोणाला?"

"कळशीला. माज्या लेकीच्या शेजारी बसायची ती."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "कळशी नावाची मुलगी आपल्याकडे नाही, बाई."

"हाय," आई म्हणाली. "माजी लेक रोज सांगायची. कळशी, गवत, दुपार. समदी हायेत."

मोठी पोरं हसली. मी कळशीचं खरं नाव सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात भिंतीकडून एक मुलगा उठला. तोंडावर गोवराचे डाग अजून काळे होते. चड्डी वर ओढत तो पुढे आला.

"मी गवत," तो म्हणाला.

हसणं थांबलं. आई खाली बसली आणि तिने त्याच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवला. तो तसाच उभा राहिला. "आन कळशी रं?" तिने विचारलं.

त्याने गुरुजींकडे पाहिलं, मग कळशीचं खरं नाव सांगितलं. ते ऐकून गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी पोरांना पाढे म्हणायला सांगितलं आणि आईला पायरीवरून बाजूला घेतलं. कळशी त्याच गोवरात गेली होती. आमच्या बायच्या आधी. तिला पुरून झालं होतं तेव्हा आम्ही अजून बायला "येनार हाय" म्हणत होतो.

मला वाटलं आता आई घरी जाईल. तिने विचारलं, "घर कुटं हाय तिचं?"

घर ओढ्यापलीकडे होतं. शेतीवाल्यांचं, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. कळशीची आई ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. माझ्या आईपेक्षा वयाने लहान असेल. तिने आम्हाला ओळखलं.

"रस्त्यावरल्याची बायकू न्हवं का तुमी?" ती म्हणाली. "या. बसा."

आई ओट्याच्या कडेला बसली. मी खाली उभी राहिले. कळशीच्या आईनेच विचारलं, "तुमची बी गेली म्हनं."

"व्हय," आई म्हणाली. "माजी लेक तुमच्या लेकीचंच नाव घ्यायची सारखं. कळशी म्हनायची तिला. नीट ऐकूच आलं न्हाई बघा पोरीला."

"कळशी," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "मला न्हाई कळलं कवा. आन तुमच्या लेकीचं नाव काय हुतं?"

आईने सांगितलं.

ती आठवत राहिली. "न्हाई. ह्ये नाव न्हाई काडलं तिनं कवा. शाळंतलं कायच सांगायची न्हाई. लई अबोल पोर." सुपातले खडे ती अंगणात टाकत होती. "दुखन्यात मातर बोलायची. येकच धोशा. गोधडी कुटं हाय? गोधडी पायजे. आदी आमची घातली. मंग सासूची घातली. मंग जावंच्या घरनं दोन आनल्या. तरी आपलं गोधडी कुटं हाय, गोधडी पायजे. अंग तर नुसतं भाजत हुतं. मला वाटलं, आतनं थंडी वाजत आसंल. घालू तरी किती?"

आईने विचार केला नसावा. तिच्या तोंडून निघून गेलं, "गोधडी म्हंजी माजी बाय की. तुमची लेक तिला गोधडी म्हनायची."

कळशीच्या आईचा हात सुपात तसाच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला ते दिसलं. आधी तिला आनंद झाला. खरंच झाला, क्षणभर, आपल्या लेकीबद्दल काहीतरी नवीन समजलं म्हणून. मग तो गेला.

"मंग तिला थंडी वाजत न्हवती," ती म्हणाली.

आई तिच्याकडे सरकली.

"काडून टाकत हुती अंगावरनं. मी परत घालत हुते. हात धरून ठिवलं तिचं मी."

"गोवराला पांगरून ठिवावंच लागतं, बाई," आई घाईने म्हणाली. "समदीच ठिवत्यात. आमीबी ठिवलं हुतं. आमची तरी कुटं वाचली?"

तिला ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. ती उठली. सूप तिथेच ठेवलं, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून काही आवाज आला नाही. आम्ही बसून राहिलो. कोंबड्या ओट्यावर चढून तांदळाला तोंड घालायला लागल्या, तेव्हा आईने त्यांना हाकललं, सूप उचलून उंच खुंटीला अडकवलं, आणि आम्ही निघालो. ओढ्यात उतरल्यावर तिने तोंड धुतलं, मग माझंही धुतलं, माझं कुठे खराब झालं नव्हतं तरी.

त्या दोघींचं पुढे काही जमलं असतं, तर ते मला इथे लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. कळशीची आई पाणवठ्यावर दिसली की आमच्याकडे पाठ करायची. एकदा आईने जवळ जाऊन काहीतरी विचारलं, तर अर्धा भरलेला हंडा तसाच डोक्यावर घेऊन ती चालायला लागली. पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं. पुढच्या हिवाळ्यात ती पांघरूण घेत नाही, नुसत्या जमिनीवर पडून राहते, असं बायका म्हणायच्या. खरं-खोटं मला माहीत नाही. मग ती माहेरी गेली आणि परत नांदायला आली नाही, एवढं मात्र खरं.

आईने माझी शाळा बंद केली. रोग तिथूनच येतात, असं तिने ठरवलं होतं. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. बा त्यांना चहा पाजायचा आणि आईकडे बघायचा. आई म्हणायची, "न्हाई पाठवत." मी तिच्याबरोबर पाणी आणायला, सरपण गोळा करायला जायला लागले. देवळावरून जाताना पाढे ऐकू यायचे, तेव्हा आई भराभर पाय उचलायची. गवत कधीतरी दारात येऊन उभा राहायचा. आई त्याला गूळ द्यायची, पण काही विचारायची नाही, आणि तोही हळूहळू यायचा थांबला.

आम्ही त्या गावात आणखी दोन पावसाळे काढले. बाला पिरंगुटाकडचा रस्ता मिळाला, तेव्हा निघालो. निघायच्या दिवशी आई आणि बा काट्यांच्या त्या जागेवर गेले. मला नेलं नाही. नव्या गावात एक धाकटा भाऊ झाला, आणि तो चालायला लागेपर्यंत आई थोडी निवळली. मला आधी घातलं शाळेत, त्याला मागाहून. माझ्या वर्गात मीच सगळ्यांत उंच होते. मागच्या भिंतीला बसायचे आणि कुणाशी फारशी ओळख वाढवायचे नाही.

आई म्हातारी होऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हा एकदा आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. मध्येच ती म्हणाली, "तिला सांगाया नको हुतं मी."

कुणाला, ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "तुला कुठं ठाऊक होतं, आये?"

"न्हवतं ठाऊक," ती म्हणाली. "पन ती तरी चार गोधड्या घातल्या म्हनून सांगत हुती. लेकीसाटी जमंल तेवढं केलं, आसं वाटत आसंल तिला. त्येबी मी जाऊन काडून घेतलं."

मी पुढचा पापड तिच्या हातात दिला. तिने पापडांची ओळ सरळ केली, वाऱ्याने उडू नये म्हणून फडक्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि ऊन फार कडक झालंय म्हणून खाली निघून गेली.